विमानाच्या खिडकीतून काढलेले जमिनीचे फोटो बिघडतात, ते नेमके कुठे? कोल्हापूरच्या फेऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून विमान उठलं की पाच-सात मिनिटं खाली उसाचे तुकडे, पंचगंगेची वळणं, वीटभट्ट्या आणि एमआयडीसीचे पत्रे असा पट सरकत असतो. तो डोळ्यांना दिसतो तसा फोटोत येत नाही ही तक्रार नेहमीची. बहुतेक जण ती घेऊन आधी नवीन लेन्सच्या किमती बघायला लागतात. थांबा. या तक्रारीत लेन्स दोषी निघण्याचे प्रसंग थोडे. खिडकी, बसण्याची जागा आणि हात यांतच बहुतेक वेळा गोम सापडते.

आधी लक्षण ओळखा

फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघा. फोनच्या पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात, त्यावर निदान करू नका. चौकटीचा मधला भाग आणि चारही कोपरे वेगवेगळे तपासा.

जमीन सगळीकडे सारखीच मऊ आणि खिडकीवरचे ओरखडे किंवा बर्फाचे कण मात्र रेखीव दिसत असतील, तर फोकस काचेवर बसला आहे.

झाडं, विजेचे खांब, गाड्या हे सगळे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट असतील, तर फोटो हलला आहे. कडा दुहेरी असतील, म्हणजे बांधाला बांध चिकटल्यासारखा दिसत असेल, तर एकतर तुम्ही फार तिरक्या कोनातून काचेपलीकडे बघत होता किंवा विमानाची थरथर कॅमेऱ्यात उतरली.

कडा रेखीव आहेत, पण सगळ्यावर राखाडी-निळसर पडदा आहे? तो हवेतला धूर आणि बाष्प. त्यात फोकसचा काही संबंध नाही.

रंगीत इंद्रधनुषी पट्टे म्हणजे पोलरायझर, चमक कापायला लेन्सपुढे लावतात तो फिल्टर. मधोमध फिकट डाग किंवा स्वतःच्या शर्टाचा रंग म्हणजे परावर्तन.

आणि शेवटची तक्रार: फोटो तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहे, पण नुसता नकाशा वाटतो. चित्र होत नाही. हा दोष रचनेचा, आणि त्याची तपासणी वेगळी आहे. ती पुढे.

एकाच फोटोत दोन दोष असू शकतात. धुरकट हवेत कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, मग तो काचेवर जाऊन बसतो. म्हणून क्रम सोडू नका.

फुकटातल्या तपासण्या

पुढची लेन्स पुसा. फोनच्या लेन्सवर खिशातला तेलकटपणा असतो आणि त्याने उजेडाभोवती वलय येतं. मग खिडकी. प्रवासी विमानाच्या खिडकीला साधारण तीन थर असतात. बाहेरचा थर हवेचा दाब पेलतो, मधल्याला खाली बारीक छिद्र असतं आणि तुमच्या हाताला लागतो तो आतला प्लास्टिकचा संरक्षक थर. आधीच्या प्रवाशाच्या कपाळाचं तेल याच थरावर असतं. कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, दाब न देता, पुसा. हट्टी डाग असेल तर श्वासाची वाफ पुरे. सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात नको. प्लास्टिकवर बारीक जाळीदार तडे जातात आणि पुढचे शेकडो प्रवासी त्यातूनच बघत बसतात. बाहेरच्या बाजूची धूळ तुमच्या हातात नाही. जास्तच असेल तर चौकट थोडी सरकवून स्वच्छ भाग शोधा.

त्यानंतर फोन. काचेच्या जवळ धरला की काही फोन आपोआप मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंसाठीच्या मोडवर, जातात. त्यांना वाटतं समोर फूल आहे. ही आपोआप बदलण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. ज्या फोनमध्ये लेझरने अंतर मोजून फोकस होतो त्यांत किरण काचेवरूनच परततो आणि फोन पाच-सात सेंटीमीटरवर फोकस लावतो. उपाय सोपा आहे: दूरच्या बांधावर किंवा रस्त्यावर बोट दाबून धरा आणि फोकस लॉक करा, किंवा प्रो मोडमध्ये फोकसची पट्टी डोंगराच्या चिन्हावर न्या. फ्लॅश बंद. डिजिटल झूमही बंद, नंतर कापलेलं परवडतं.

परावर्तन घालवायला काळा रुमाल किंवा गडद ओढणी पुरते. लेन्सभोवती तंबूसारखी धरा. पांढरा शर्ट घालून खिडकीशी बसलात तर तो फोटोत येणारच. रबरी हूड, म्हणजे लेन्सपुढे लावायची रबरी कड, मिळाला तर आणखी चांगलं, पण तो काचेवर दाबायचा नाही. का, ते पुढे येतं.

जागा

पैसे न घालता सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे, आणि बहुतेकांचं दुर्लक्षही इथेच होतं.

कोल्हापूरच्या फेऱ्यांत एटीआर ७२ हे पंख्याचं विमान भेटतं. त्याचे पंख छताच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. या कामासाठी याहून चांगलं प्रवासी विमान मिळणं कठीण. अडचण पुढच्या भागात. पंख्याच्या रेषेतली खिडकी मिळाली तर चौकटीत सहा पात्यांचं चक्र येतं, आणि फोनमध्ये ती पाती वाकड्या कोयत्यासारखी दिसतात, कारण सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो. मधल्या ओळींत पंखाखालचं इंजिन आणि उतरताना बाहेर येणारी चाकं आडवी येतात. म्हणून मागच्या चार-पाच ओळी घ्या. चढण्या-उतरण्याचं दारही मागेच असतं.

एम्ब्राएर १४५ मिळालं तर उलट करा. त्याचे पंख खाली आणि इंजिनं शेपटीकडे आहेत, तेव्हा पंखाच्या पुढची ओळ हवी. पंखाखाली इंजिन असलेल्या जेटमध्ये पंखामागून तिरकं बघितलं तर इंजिनाच्या गरम झोतातून जमीन पाण्याखालच्यासारखी लवलवते. त्या लवलवीवर शटरचा कोणताही वेग किंवा फोकस चालत नाही.

डावी बाजू की उजवी? आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात एका बाजूच्या खिडक्या उत्तरेकडे, दुसऱ्या दक्षिणेकडे बघतात. पश्चिमेकडे तोंड करून उतरलं तर डावी खिडकी दक्षिणेची, पूर्वेकडे तोंड असेल तर उजवी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. उत्तरेच्या खिडकीतून उसाचे, मातीचे रंग शुद्ध मिळतात. दक्षिणेच्या खिडकीतून समोरचा उजेड येतो, धूर दुप्पट दिसतो, पण पाणी चांदीसारखं चमकतं. रंग हवा की चमक, ते आधी ठरवा. कुठल्या दिशेने उतरायचं ते वाऱ्यावर ठरतं, त्यामुळे इथे थोडं नशिबावर सोडावं लागतं.

फोकस

जमीन तीनशे मीटरवर असो की तीन हजारांवर, लेन्सच्या हिशेबाने ती अनंतावरच आहे. ५० मिमी लेन्स, फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या मापाचा सेन्सर), एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) असा हिशेब केला तर सुमारे १५ मीटरच्या पुढे फोकस लावला की अनंतापर्यंत सगळं रेखीव येतं. ८५ मिमीला हे अंतर सुमारे ४३ मीटर. म्हणजे जवळचं-लांबचं जास्त रेखीव यावं म्हणून एफ ११ किंवा १६ वर जाण्याची काहीच गरज नाही. उलट तोटाच, कारण छिद्र लहान केलं की खिडकीवरचे ओरखडेही स्पष्ट व्हायला लागतात. एफ ४ ते ५.६ ठेवा, लेन्स काचेच्या जवळ ठेवा, ओरखडे विरघळून जातात.

ऑटोफोकसला पकडायला काहीतरी ठळक लागतं. सलग हिरवा ऊस, ढगाची सावली, धुकं यांत त्याला काही सापडत नाही आणि तो पुढे-मागे शोधत राहतो. म्हणून एकच मधला बिंदू निवडा आणि तो बांध, रस्ता, पत्र्याची कड अशा रेषेवर ठेवा. लागला की मॅन्युअलवर टाका आणि परत हात लावू नका.

याहून पक्की पद्धत: विमान उभं असताना लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून दूरचा टॉवर किंवा क्षितिजावरची टेकडी फोकस करा आणि मॅन्युअलवर कुलूप घाला. इथे तीन खोड्या होतात.

रिंग शेवटापर्यंत फिरवणे ही पहिली. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्या थोड्या पुढेही जातात, कारण तापमानाने काच आणि नळी थोडी सरकते, त्यासाठी ती जागा सोडलेली असते. टोकाला नेलेली रिंग म्हणजे सगळं मऊ. दुसरी, फोकस लावून मग झूम फिरवणे. आजच्या बऱ्याच झूम लेन्समध्ये झूम बदलला की फोकस सरकतो. आधी झूम, मग फोकस. तिसरी मिररलेसवाल्यांची, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची: रिंग फक्त मोटरला इशारा देते, त्यामुळे ती हलू नये म्हणून चिकटपट्टी लावून उपयोग नाही, आणि कॅमेरा बंद-चालू केला की काही मॉडेलमध्ये लावलेला फोकस जातो. मेनूत तो लक्षात ठेवण्याची सोय असेल तर चालू करा, नसेल तर कॅमेरा झोपू देऊ नका.

उंचीवर गेल्यावर खिडकीच्या खालच्या छिद्राभोवती बर्फाची नक्षी धरते. ती सुंदर असते, पण ऑटोफोकस तिच्यावरच जाऊन बसतो. चढताना आणि उतरताना फोटो काढा. तसाही जमिनीच्या अमूर्त चित्राला, म्हणजे नुसते आकार आणि रंग दिसतील अशा फोटोला, मजा त्याच उंचीवर.

हललेला फोटो

हिशेब एकदा समजून घेतला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. उतरताना विमान ताशी २१६ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ६० मीटर. चौकटीतली जमीन तुमच्यापासून तिरक्या रेषेत ८०० मीटरवर आहे. ८५ मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम असेल तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे जेमतेम साडेपाच सेंटीमीटर. १/२५० सेकंदात विमान २४ सेंटीमीटर पुढे जातं: चार पिक्सेल ओढले गेले. १/१००० ला ६ सेंटीमीटर, म्हणजे एकच पिक्सेल. म्हणून खालच्या उंचीवर शटरसाठी १/१००० ही किमान पायरी, आणि १/१६०० असेल तर निश्चिंत. सकाळच्या स्वच्छ उन्हात एफ ५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २०० ते ४०० मध्ये हे बसतं. ढगाळ असेल तर ८०० करा. दाणे चालतील, ओढलेला बांध चालत नाही.

आता थरथर. लेन्स, हूड, कोपर, खांदा, डोकं यांतलं काहीही विमानाच्या भिंतीला टेकवायचं नाही. टेकू मिळाला की हात स्थिर होतो हा जमिनीवरचा नियम इथे उलटा पडतो, कारण टेकूच थरथरतो. पंख्याच्या विमानात तर दाताला जाणवावं इतकं. कोपर पोटाशी घ्या, लेन्स काचेपासून बोटभर दूर ठेवा, अंगालाच गादी होऊ द्या. लेन्समध्ये स्थिरीकरणाचे प्रकार असतील तर वाहनासाठीचा निवडा, कॅमेरा आडवा फिरवण्यासाठीचा नको. सलग तीन-चार फोटो घ्या, त्यांतला एखादा बरा निघतो.

काचेचा कोन, आणि वळणाची वाट

अमूर्त चित्रासाठी खाली बघायचं असतं आणि खिडकी तर बाजूला बघते. सरळ उडणाऱ्या विमानातून तीव्र कोनात खाली बघितलं की नजर जाड प्लास्टिकच्या तीन थरांतून तिरकी जाते. कडा दुहेरी होतात, रंग फुटतात, एक बाजू मऊ येते. बरेच जण यालाच लेन्सचा दोष समजून दुकान गाठतात.

उपाय म्हणजे वळण. विमान तुमच्या बाजूला २५ अंश कललं की खिडकीही तेवढीच खाली बघते. मग क्षितिजाच्या ४० अंश खाली रोखलेली नजर काचेच्या काटकोनापासून फक्त १५ अंश हटलेली असते, आणि तेवढं काच सहन करते. विमानतळाजवळचं नव्वद अंशांचं वळण साधारण अर्ध्या मिनिटात संपतं. तेवढ्यात फोकस शोधत बसायला वेळ नसतो, म्हणूनच तो आधी कुलूपबंद करायचा. पंख कलायला लागला की चौकट तयार ठेवा, मधल्या दहा-पंधरा सेकंदांत काम उरका.

पोलरायझर काढून ठेवा. खिडकीच्या प्लास्टिकमध्ये ताण असतो, तो पोलरायझरमधून रंगीत पट्ट्यांनी दिसतो. कोणी मुद्दाम वापरत असेल तर गोष्ट वेगळी.

धुरकट हवा

गळीत हंगामात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, थंड हवा खाली बसते. गुऱ्हाळांचा धूर, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि नदीकाठचं धुकं तिच्यात अडकून राहतं. अशा हवेतून तुम्ही जितक्या लांबचं टिपाल तितका पडदा जाड. म्हणून क्षितिजाकडे बघूच नका, जवळात जवळची जमीन घ्या. पाऊस नुकताच पडून गेलेले सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस सर्वांत स्वच्छ. फोटो रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये घ्या, नंतर संगणकावर काळा बिंदू ओढा, म्हणजे गडद भाग आणखी गडद करा, आणि निळसर झाक काढा. धुरकटपणा कमी करणारी डीहेझची पट्टी हात राखून वापरा, नाहीतर उसाला प्लास्टिकची कळा येते.

फोटो स्वच्छ, पण नकाशा

चौकटीत आकाश, पंख किंवा क्षितिज असेल तर डोळा लगेच म्हणतो, हा विमानातून काढलेला फोटो. आधी ते बाहेर काढा. ५० मिमी लेन्स आडवी धरली तर चौकटीचा मध्य क्षितिजाच्या १४ अंशांहून जास्त खाली हवा, उभी धरली तर २० अंशांहून जास्त. तीस-चाळीस अंश ठेवा, प्रश्नच मिटतो.

मग व्याप. ८०० मीटरवरची जमीन ५० मिमीत सुमारे ५७५ मीटर रुंद मावते, ८५ मिमीत ३४० मीटर. एक एकराचा चौरस तुकडा साधारण ६४ मीटरचा. म्हणजे पहिल्यात एका ओळीत नऊ तुकडे, दुसऱ्यात पाच. नऊ तुकड्यांची गोधडी होते. पाच तुकड्यांत आकार दिसायला लागतात. म्हणून ८५ च्या आसपासची लेन्स किंवा फोनची दुप्पट-तिप्पट ऑप्टिकल लेन्स सरस. २४ मिमीने मात्र गाव दिसतं, आकार हरवतो.

आता काय शोधायचं. आपल्याकडे उसाची लावण एकाच वेळी नसते. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू आणि वर खोडवा. त्यामुळे शेजारशेजारच्या तुकड्यांच्या हिरव्यात तीन-चार छटा पडतात, त्यात तोड झालेला पिवळट तुकडा आणि पाचट पेटवलेला काळाकुट्ट. थंडीत तुरा आला की एखादा तुकडा चंदेरी होतो, समोरच्या उजेडात तर फारच. या तुकड्यांच्या सीमेवर चौकट ठेवा, मधोमध नको.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे दुसरं घबाड. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या बाजूला सपाट, गडद पाणी आणि खालच्या बाजूला खडक, वाळू, शेवाळाची रेघ. एकाच सरळ रेषेने चित्राचे दोन भाग होतात. बंधाऱ्याची रेघ चौकटीला समांतर ठेवू नका, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाऊ द्या. पंचगंगेचं वळण घेताना दोन्ही टोकं चौकटीबाहेर जाऊ द्या, म्हणजे नदीऐवजी वळणच उरतं. गोकुळ शिरगाव एमआयडीसीचे निळे-चंदेरी पत्रे, वीटभट्टीचे लाल आयत, पाणी साचलेल्या खाणीचा हिरवा डोळा हेही चालतात, पण माप कळेल अशी गाडी किंवा घर चौकटीत आलं की जादू उतरते. एखादं मुद्दाम ठेवायचं असेल तर एकच ठेवा, तेही कडेला.

पाण्यावर सूर्याची चमक येते ती विमानाबरोबर पळते. तिला एक ते दोन स्टॉप कमी उजेड द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बाकी शेतं काळी पडतील, पडू द्या.

आता खर्चाच्या तपासण्या

वरचं सगळं करूनही फोटो मऊच येत असेल तर खिडकी मध्ये न आणता जमिनीवर चाचणी घ्या. तिकाठीवर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, स्थिरीकरण बंद, एफ ५.६. रंकाळा तलावाच्या एका काठावरून समोरच्या काठावरची इमारत सकाळी लवकर टिपा, कारण दुपारी तापलेली हवा लवलवते. इथे फोटो रेखीव आला तर लेन्स निर्दोष. पुन्हा खिडकी आणि हाताकडे वळा.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूने. लाइव्ह व्ह्यूचा रेखीव आणि दुसरा मऊ आला तर फोकसच्या मोजणीत फरक आहे. मेनूत सूक्ष्म जुळवणी असेल तर ती करून बघा. ही घरी करण्यासारखी शेवटची गोष्ट.

इथे थांबा, जाणकाराला गाठा

जमिनीवरच्या चाचणीत दरवेळी एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ येत असेल तर आतली काच मध्यापासून सरकली आहे. स्क्रू फिरवून ती जागेवर येत नाही, आणखी बिघडते. सेवा केंद्रात यंत्रावरच जुळते. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज आधी घ्या, कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या स्वस्त किट लेन्सला तो परवडेलच असं नाही.

लेन्समध्ये टॉर्च मारून पलीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. घरी उघडू नका. काचेवरचा लेप तिने खाल्ला असेल तर पुसूनही डाग राहतो, आणि उघडताना काच हलली की वरचा दोष नव्याने जडतो. दुरुस्तीला द्या, बाकीच्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता ४५ ते ५० टक्के.

विमानात कर्मचाऱ्यांनी कॅमेरा ठेवा म्हटलं की लगेच ठेवा, वाद नको. संरक्षण दलाच्या विमानतळांवर, उदाहरणार्थ पुण्याच्या लोहगावला, फोटो काढायला मनाई असते. तिथे खिडकीला फोन लावू नका. फोटोसाठी पट्टा सोडून दुसऱ्या सीटवर झेपावणं हेही नाही.

आणि तुम्हाला सहा फुटी प्रिंट हवी असेल, किंवा ठरावीक बंधारा ठरावीक उजेडात नेमका वरूनच हवा असेल, तर प्रवासी विमानाच्या खिडकीचा नाद सोडा. परवानाधारक ड्रोनचालक बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर उडवायला परवानगी लागते आणि त्याहून जवळ नियम आणखी कडक आहेत. काम ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगात पडते ते त्याच्याकडून दाखवून घ्या.